दिवाळीची मदत वेळेवर पोचते का?

दिवाळी जवळ आली की बहुतेक घरांचा हात सैल होतो. कपाटातले जुने कपडे बाहेर निघतात, फराळाचा एक डबा जास्तीचा भरला जातो, सोसायटीत वर्गणी गोळा होते. यामागची भावना खरी असते, तिच्यावर शंका घ्यायचं कारण नाही. काय द्यायचं आणि किती द्यायचं हे आपण ठरवतो. पण कधी आणि कोणत्या अवस्थेत द्यायचं, हा विचार बहुतेक वेळा राहून जातो. मग चांगल्या मनाने दिलेली वस्तू नको त्या दिवशी, नको त्या ठिकाणी जाऊन पडते. सणातल्या मदतीबद्दलच्या काही समजुती म्हणूनच तपासून पाहायला हव्यात.

‘दिवाळीत संस्थेतल्या मुलांना गोडधोड नेऊन द्यावं’

जरूर द्यावं, पण आधी विचारून. शहरालगतच्या बालगृहांत आणि वृद्धाश्रमांत लक्ष्मीपूजनाच्या आसपास लाडू-चिवड्याची रीघ लागते. एका दिवसात तीन-चार गट येऊन गेले की मुलांना खाववत नाही आणि खव्याची मिठाई टिकत नाही. उलट आश्रमशाळा आणि वसतिगृहं या सुट्टीत रिकामी असतात, मुलं गावी गेलेली असतात. तुळशीचं लग्न उरकलं की देणाऱ्यांचा ओघ आटतो. डाळ, तेल, साबण मात्र बारा महिने लागतो. जूनमध्ये वह्या आणि शाळेचे बूट लागतात, थंडीत पांघरुणं. दिवाळीला बाजूला काढलेली रक्कम जूनसाठी राखून ठेवली आणि तसं संस्थेला आत्ताच कळवलं, तर त्यांचा वर्षाचा हिशेब सोपा होतो.

आणखी एक. अशा भेटीत मुलांसोबत काढलेले फोटो आपण सहज सगळीकडे पाठवतो. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र जाहीर करायला २०१५ च्या बाल न्याय कायद्याने मनाई आहे, आणि ती फक्त वर्तमानपत्रांपुरती नाही. फोटो काढू नका.

‘जुने कपडे कुणाच्या तरी उपयोगाला येतातच’

फाटलेले, डागाळलेले, नाडी नसलेले कपडे कुणाच्याच उपयोगाला येत नाहीत. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग साचले होते. ते निवडून वापरात आणायचं किचकट काम अंशू गुप्ता यांच्या ‘गूंज’ या संस्थेने हाती घेतलं. १९९९ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेच्या पद्धतीतून शिकण्यासारखं आहे: गावातले लोक विहीर, रस्ता, बांध असं गावाचंच काम करतात आणि त्याचा मोबदला म्हणून कपडे आणि संसाराच्या वस्तू घेतात. घेणाऱ्याची मान खाली जात नाही.

आपल्याकडे बोहारणीला कपडे देऊन भांडं घेणं म्हणजे कंजूषपणा, असं अनेकांना वाटतं. मला ते पटत नाही. ती बाई दारोदार फिरते, कपडे निवडते. पुढे ते धुऊन, दुरुस्त करून, इस्त्री फिरवून बाजारात जातात. तिथे एखादा मजूर थोडे पैसे मोजून आपल्या मापाची, आपल्याला आवडलेली पँट घेतो. यात प्रत्येकाच्या हाताला काम आहे आणि कपडा खरोखर अंगावर चढतो. कपडे दान करा किंवा बोहारणीला द्या. धुऊन, बटणं लावून द्या.

‘साफसफाईचं सामान बाहेर ठेवलं की आपलं काम संपलं’

दिवाळीआधी माळे रिकामे होतात आणि एरवी घरात न निघणाऱ्या वस्तू कचऱ्यात येतात: फुटलेल्या तसबिरीची काच, गेलेली ट्यूबलाइट, रंगाचे डबे, मुदत संपलेली औषधं, जुने चार्जर. हे सगळं एकाच काळ्या पिशवीत भरून गाठ मारली जाते. ती गाठ पुढे हातानेच सुटते. पिशवी उघडून कागद, प्लास्टिक, पत्रा वेगळा करणाऱ्या बाईला बोटांनी चाचपावं लागतं, आणि हातमोजे घातले तर वस्तूचा अंदाज येत नाही म्हणून ती बरेचदा ते काढून ठेवते. तसबिरीच्या काचेची पात नेमकी तिथेच लागते. ट्यूबलाइट आणि सीएफएल दिव्यांत पारा असतो. तो थोडा असला तरी दिवा फुटला की वाफ सोडतो.

पुण्यात कचरावेचकांनी १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी केली आणि पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था महापालिकेबरोबर घरोघरचा कचरा उचलू लागली. त्यांच्या कमाईचा एक भाग सुका माल विकून येतो. चकलीच्या तेलात भिजलेला कागद किंवा मिठाईचा पाक लागलेला पुठ्ठा भंगारात जात नाही, म्हणजे तेवढी कमाई बुडते. काच वर्तमानपत्राच्या जाड घडीत गुंडाळून, चिकटपट्टी लावून वर ‘काच’ असं मोठ्या अक्षरांत लिहा. दिवे, औषधं, रंग वेगळ्या पिशवीत ठेवा आणि हातात देताना तोंडाने सांगा. न उडालेले फटाके कचऱ्यात टाकण्याआधी बादलीभर पाण्यात रात्रभर भिजवा.

‘हरित फटाके आहेत, मग धूर होत नाही’

हे फटाके आपल्या नागपूरच्या ‘नीरी’ने विकसित केले, त्यामुळे त्यांच्याबद्दल नीट माहिती असायला हवी. नेहमीच्या फटाक्यांच्या तुलनेत त्यांतून निघणारे धुळीचे सूक्ष्म कण किमान ३० टक्क्यांनी कमी असावेत, असा निकष आहे. म्हणजे साधारण ७० टक्के धूर तसाच राहतो. हरित आहेत म्हणून एकाऐवजी दीड पेटी उडवली, तर वाचलेलं सगळं पुन्हा हवेत जातं. आवाजही होतोच.

सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालात फटाक्यांवर सरसकट बंदी घातली नाही. कमी प्रदूषण करणारे फटाकेच विकावेत, बेरियमचे क्षार वापरू नयेत, फटाक्यांच्या माळा बंद कराव्यात आणि दिवाळीला रात्री ८ ते १० या वेळेतच फटाके उडवावेत, असं सांगितलं. रात्री १० ते सकाळी ६ या काळात आवाजाचे फटाके वाजवायला ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनीही मनाई आहे. नरक चतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपून साडेचारला सुतळी बॉम्ब लावणं हा अनेकांना आपला हक्क वाटतो. नियमाने तो नाही. त्यामागे हवेचंही कारण आहे. थंडीच्या सुरुवातीला पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि तिच्यावरची हवा उबदार असते. धूर वर चढत नाही, घरांच्या उंचीवर तरंगत राहतो. शेजारच्या दमेकरी आजोबांना त्रास होतो तो यामुळे. फुलबाजी आणि भुईनळे आवाज करत नाहीत म्हणून निर्धोक वाटतात, पण भरपूर धूर तेही सोडतात आणि लहान मुलं तो अगदी जवळून घेतात.

‘स्थानिक घ्यायचं म्हणजे कोपऱ्यावरून घ्यायचं’

धारावीतला कुंभारवाडा हे मुंबईतलं पणत्यांचं मोठं ठिकाण. तिथली कुंभार कुटुंबं मूळची सौराष्ट्रातली, १९३० च्या दशकापासून धारावीत वसलेली. तेव्हा स्थानिक कोण, याचं उत्तर आडनावावरून मिळत नाही. माहीमच्या कंदील गल्लीत कागदी आणि कापडी कंदील करणारी घरं आहेत. या सगळ्यांची माती, कागद, बांबू यांत रक्कम आधीच गुंतलेली असते. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी जाऊन उरलेला माल निम्म्या भावात मागणारं गिऱ्हाईक त्यांच्या फारसं कामाचं नसतं. आठ-दहा दिवस आधी, घासाघीस न करता खरेदी केली तर त्यांचा सण वेळेवर होतो. बचतगटाच्या फराळाचंही तसंच: मागणी आधी कळली तर भाजणी, तेल, सुकं खोबरं एकदम घेता येतं आणि नफा शिल्लक राहतो.

घरकाम करणाऱ्या ताईंचा बोनस ही आपली मेहेरबानी आहे, ही समजूतही सोडायला हवी. कारखाने आणि कार्यालयांत किमान बोनस ८.३३ टक्के, म्हणजे वर्षभराच्या वेतनाचा बारावा हिस्सा, असं कायद्याने ठरलेलं आहे. घरकामगारांना बोनसच्या कायद्याचं संरक्षण नाही. महाराष्ट्रात त्यांच्यासाठी कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला, पण दिवाळीच्या बोनसचा हक्क त्यातून आला नाही. त्यामुळे एक महिन्याचा पगार ही जी रीत आहे, ती पाळणं पूर्णपणे आपल्या हातात आहे. तो धनत्रयोदशीच्या आधी द्या, म्हणजे त्यांच्या मुलांची खरेदी होते. भाऊबीजेची सुट्टी भरपगारी द्या.

दिवाळी अंकांबद्दल थोडक्यात. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि ही परंपरा सुरू झाली. ती आजवर टिकली ती वाचकांनी अंक विकत घेतल्यामुळे. पूर्ण अंकाची पीडीएफ फुकट पाठवणं ही वाचनसेवा आहे असं मानणारे बरेच जण भेटतात. तो प्रताधिकाराचा भंग आहे आणि लेखक-चित्रकाराच्या मानधनावर थेट घाला आहे. परवडत नसेल तर चौघांत मिळून एक अंक घ्या किंवा वाचनालयाची वर्गणी भरा.

‘गरज पडली की रक्त देऊच’

इथे थोडं थांबावं लागेल, कारण दिवाळीत सर्वांत जास्त कमी पडणारी गोष्ट ही आहे आणि तिचा विचार सणाच्या यादीत सहसा कुणी करत नाही. महाविद्यालयं आणि कार्यालयं बंद असतात, नेहमीचे रक्तदाते गावी किंवा सहलीला गेलेले असतात, शिबिरं होत नाहीत. रुग्णालयं मात्र चालूच असतात. प्रसूती होतात, रस्त्यांवर अपघात होतात, आणि पावसाळा संपतानाचा डेंग्यू अजून गेलेला नसतो. थॅलेसेमियाच्या मुलांना साधारण दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावंच लागतं. त्यांची तारीख सुट्टी पाहून पुढे ढकलता येत नाही. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचे रुग्ण आहेत, त्यांनाही प्रसंगी रक्त लागतं.

गरज पडल्यावर धावत जाऊ, हा विचार प्रामाणिक असला तरी उपयोगाचा नाही. दान केलेलं रक्त लगेच चढवता येत नाही. एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, गुप्तरोग आणि हिवताप या पाच तपासण्या व्हाव्या लागतात, घटक वेगळे करावे लागतात. रुग्णाला आज चढतं ते कुणीतरी आधी दिलेलं रक्त.

मग गांधी जयंतीला किंवा एखाद्या नेत्याच्या वाढदिवसाला मोठं शिबिर झालं की प्रश्न मिटला, असं वाटतं. लाल पेशी, पिशवीतल्या द्रावणानुसार, ३५ किंवा ४२ दिवस टिकतात. एका दिवशी गरजेपेक्षा खूप जास्त पिशव्या जमल्या तर काही मुदतीत वापरल्या जात नाहीत, आणि त्याच दात्यांना पुढचे तीन-चार महिने पुन्हा रक्त देता येत नाही. प्लेटलेटचं गणित आणखी कडक आहे. रक्तपेढीत गेलात तर काचेच्या कपाटात पिवळसर पिशव्या एका फळीवर संथपणे डोलताना दिसतील. २० ते २४ अंश तापमानात, सतत हलत्या ठेवूनही त्यांचं आयुष्य जेमतेम पाच दिवसांचं. वसुबारसेच्या आधी घेतलेल्या प्लेटलेट दिवाळी सरेपर्यंत बाद झालेल्या असतात. डेंग्यूच्या किंवा रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णाला भाऊबीजेला प्लेटलेट हव्या असतील, तर पाडव्याच्या आसपास कुणीतरी त्या पेढीत जाऊन हात पुढे केलेला असला पाहिजे.

‘माझा ओ पॉझिटिव्ह, तो तर सगळ्यांचाच असतो’ हेही अनेकदा कानावर येतं. जो गट दात्यांत जास्त, तोच रुग्णांतही जास्त. म्हणून सर्वांत आधी संपतो तोही बहुधा हाच किंवा बी पॉझिटिव्ह.

‘आम्ही फुकट देतो आणि ते विकतात’ हा राग समजण्यासारखा आहे. रक्ताची विक्री भारतात १ जानेवारी १९९८ पासून बंद आहे. रक्तपेढी घेते ते तपासणी, पिशवी आणि साठवणुकीचं ठरावीक शुल्क. थॅलेसेमिया आणि सिकलसेलसारख्या आजारांच्या रुग्णांकडून तेही घेऊ नये, असं राष्ट्रीय धोरण आहे.

राहिली अशक्तपणाची भीती. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असतं, त्यातलं ३५० मिलिलिटर घेतात. द्रवाचा भाग एक-दोन दिवसांत भरून निघतो, लाल पेशी काही आठवड्यांत. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५ असेल तर बहुतेकांना रक्त देता येतं. पुरुषांनी दोन दानांत ९० दिवसांचं आणि महिलांनी १२० दिवसांचं अंतर ठेवायचं. गोळ्यांनी मधुमेह आटोक्यात असेल तरीही डॉक्टरांच्या तपासणीनंतर रक्त देता येतं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी देऊ नये. उपाशीपोटी जाऊ नका.

यंदा किराण्याच्या यादीबरोबर एक फोन लिहून ठेवा. जवळच्या रक्तपेढीला विचारा, दिवाळीच्या आठवड्यात तुम्हाला माझ्या गटाचं रक्त कोणत्या दिवशी हवं आहे? पेढी सांगेल त्या दिवशी, नाश्ता करून जा, आणि घरातल्या अठरा वर्षं पूर्ण झालेल्या मुलामुलींनाही सोबत न्या.