तोतलाडोह जलाशयातील मासेमारी व नौकाभ्रमण

तोतलाडोह जलाशय हा पेंच नदीवरील तोतलाडोह धरणामुळे निर्माण झालेला जलाशय आहे. तो महाराष्ट्रातील नागपूर जिल्हा आणि मध्य प्रदेश यांच्या सीमेवर असून दोन्ही राज्यांतील पेंच राष्ट्रीय उद्यानांनी वेढलेला आहे. विस्तीर्ण पाणी, जंगलाने झाकलेले काठ व मधली निर्जन बेटे यांमुळे होडीने जाऊन मुक्काम करण्यास व मासे पकडण्यास ही जागा अनुकूल वाटते. प्रत्यक्षात मासेमारी, नौकाभ्रमण आणि मुक्काम या तिन्ही गोष्टींवर येथे कायद्याची बंधने आहेत. येथील मासेमारीचा वाद १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता.

भूगोल

पेंच नदी मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात उगम पावते आणि नागपूर जिल्ह्यात कन्हान नदीस मिळते. तोतलाडोह धरण रामटेक तालुक्यात असून ते १९८९ मध्ये पूर्ण झाले. जलाशयाचे क्षेत्र ७० चौ. कि.मी.हून अधिक असून त्याचा मोठा भाग मध्य प्रदेशात येतो. धरणावर १६० मेगावॅट क्षमतेचे जलविद्युत केंद्र आहे. येथून सोडलेले पाणी खालच्या नवेगाव खैरी धरणात अडवले जाते आणि तेथून सिंचन, नागपूर शहराचा पाणीपुरवठा व औष्णिक वीजकेंद्रे यांसाठी वापरले जाते.

जलाशयातील बेटे म्हणजे बुडालेल्या खोऱ्यातील टेकड्यांचे माथे होत. त्यामुळे त्यांची संख्या व आकार कायम नसतात. पावसाळ्यानंतर जलाशय भरला की बेटे लहान होतात. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर ती विस्तारतात व काही काठाला जोडली जातात. पातळी खाली गेली की बुडालेले खडक व झाडांचे बुंधे पृष्ठभागाजवळ येतात आणि होड्यांना धोका निर्माण होतो.

जीवसृष्टी

जलाशयात मगरी आहेत. हिवाळ्यात पट्टकादंब, चक्रवाक यांसारखे स्थलांतरित पाणपक्षी येथे उतरतात. उन्हाळ्यात पाणवठे आटू लागले की हरिण, गवा, वाघ इत्यादी प्राणी जलाशयाच्या काठावर येतात. नदी सुरयासारखे पक्षी पाण्यामधील उघड्या बेटांवर थेट जमिनीवर अंडी घालतात. माणसाच्या वावराने हे पक्षी उडून गेल्यास उघडी पडलेली अंडी उन्हाने किंवा भक्षकांमुळे नष्ट होतात. म्हणून माणसाला निर्जन वाटणारे बेट या पक्ष्यांच्या दृष्टीने विणीचे ठिकाण असते.

मासेमारीचा वाद

पूर्व विदर्भात ढिवर समाज पिढ्यान्‌पिढ्या नदी व तलावांतील मासेमारीवर उपजीविका करत आला आहे. लहान लाकडी डोंगा आणि जाळे ही त्याची मुख्य साधने होत. धरणामुळे नदीचे रूपांतर विस्तीर्ण जलाशयात झाले आणि मासळीचे नवे क्षेत्र तयार झाले. मात्र ते संरक्षित वनाच्या हद्दीत होते. महाराष्ट्रातील पेंच राष्ट्रीय उद्यान १९७५ मध्ये, तर मध्य प्रदेशातील १९८३ मध्ये घोषित झाले.

मध्य प्रदेश शासनाने उद्यानाच्या क्षेत्रात पूर्वी राहणाऱ्या आदिवासींना जलाशयात मासेमारीसाठी ३०५ परवाने दिले. एका पर्यावरणविषयक संस्थेने त्यास सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. १९९७ च्या निकालात न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पाचे रक्षण आवश्यक मानले. त्याचबरोबर विस्थापितांच्या उपजीविकेचा विचारही व्हायला हवा, असे नमूद केले. परवाने रद्द न करता त्यांवर अटी घालण्यात आल्या. परवानाधारकाकडे छायाचित्र असलेले ओळखपत्र असावे, ये-जा ठरलेल्या मार्गानेच व्हावी, उद्यानाच्या इतर भागांत प्रवेश करू नये, जलाशयाच्या काठावर स्वयंपाकासाठीही विस्तव पेटवू नये आणि कचरा टाकू नये, अशा त्या अटी होत्या.

महाराष्ट्राच्या बाजूस धरणाच्या बांधकामासाठी आलेल्या कामगारांची वसाहत काम संपल्यावरही तोतलाडोह येथे राहिली व तेथील अनेक कुटुंबे मासेमारीकडे वळली. १९९९ मध्ये महाराष्ट्रातील पेंचला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला आणि त्यानंतर, २००२ मध्ये, ही वसाहत हटवण्यात आली. तरीही जलाशयात चोरून मासेमारी होत राहिली. वन विभाग मोटारबोटींनी गस्त घालतो. जाळी व डोंगे जप्त होतात आणि काही प्रसंगी संघर्षही होतो. वन्यजीव संरक्षणाच्या दृष्टीने रात्री गाभा क्षेत्रात शिरणाऱ्या होड्या शिकारीचा मार्ग खुला करू शकतात. मासेमारांच्या दृष्टीने मात्र गावालगतचे पाणी बंद झाले आणि त्याच्या तोडीचे दुसरे साधन हाती आले नाही.

कायदेशीर स्थिती

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय प्रवेश करता येत नाही. वन्यजीव पकडणे वा नेणे आणि आग लावणे यांस मनाई आहे. अधिनियमातील ‘वन्यजीव’ या संज्ञेत जलचर व पाणवनस्पती यांचाही समावेश होतो. त्यामुळे जाळे असो वा हौशी मासेमाराचा गळ, कायद्याच्या दृष्टीने दोन्हींत फरक राहत नाही. बेटावर तंबू ठोकून चूल पेटवणे हेही याच तरतुदींच्या कक्षेत येते.

पर्यटन व सहलीचे नियोजन

जलाशयाच्या परिसरात येणाऱ्या पर्यटकांना सिल्लारी, चोरबाहुली, खुर्सापार इत्यादी प्रवेशद्वारांतून परवानगी घेऊन वनभ्रमण करता येते. मुक्कामाची सोय उद्यानाबाहेर किंवा बफर क्षेत्रात असते. पारशिवनी तालुक्यातील कोलितमारा येथे पेंच नदीच्या पात्रात नौकाविहाराची सोय करण्यात आली आहे. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पास (महाराष्ट्र) भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. त्यामुळे रात्रीच्या आकाशनिरीक्षणासाठीही पर्यटक येथे येतात. पावसाळ्यात, साधारणतः जुलै ते सप्टेंबर, गाभा क्षेत्रातील पर्यटन बंद असते.

केवळ नौकाविहारासाठी रामटेकजवळील खिंडसी तलाव हा प्रचलित पर्याय आहे. मासेमारीसाठी मात्र संरक्षित क्षेत्राबाहेरचाच जलाशय निवडावा लागतो. अशा बहुतेक जलाशयांतील मासेमारीचे हक्क स्थानिक मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. रोहू, कटला व मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा नैसर्गिकरीत्या प्रजनन करत नाहीत. त्यासाठी त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. म्हणून संस्था दरवर्षी मत्स्यबीज विकत घेऊन जलाशयात सोडतात. बाहेरून आलेल्या हौशी मासेमाराच्या गळाला लागणारा मासा बहुधा संस्थेच्या सभासदांनी पैसे घालून वाढवलेला असतो. त्यामुळे तेथे गळ टाकण्यापूर्वी संबंधित संस्थेची परवानगी घेणे आवश्यक ठरते.