हात बसलेला कळफलक

डीटीपी करणाऱ्या जुन्या माणसाला ‘मार्ग’ टाइप करायला सांगा. टाइपरायटर पद्धतीच्या मांडणीत तो म, काना, ग मारतो आणि रफार शेवटी चढवतो. इनस्क्रिप्ट या मांडणीवर मात्र उच्चाराप्रमाणे जायचं: म, काना, र, हलन्त, ग. ‘कि’मध्ये तर सगळंच उलटं. त्याचं बोट आधी वेलांटीकडे जातं, इनस्क्रिप्टला आधी ‘क’ हवा.

इनस्क्रिप्टची रचना खरोखर देखणी आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. मराठी, बंगाली, तमिळ, सगळ्यांना तीच मांडणी. १९९१च्या भारतीय मानकात ती आली. पुण्याच्या सी-डॅकने ‘जिस्ट’ तंत्रज्ञानातून तिचा प्रसारही केला. तरी पेठांमधल्या डीटीपीवाल्यांचे हात वर्षानुवर्षं टाइपरायटरच्याच मांडणीवर चालत राहिले. सरकारी कचेऱ्यांतल्या टंकलेखकांचंही बरंचसं तेच. का?

‘लोकांना बदल नकोच असतो’ हे उत्तर मला आळशी वाटतं. संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ साली मांडलेल्या प्रतिमानानुसार, माणूस कामावर नवं तंत्र स्वीकारतो ते दोन गोष्टी पाहून: याने माझं काम सुधारेल का, आणि हे वापरायला सोपं जाईल का. प्रत्यक्षातल्या उपयोगापेक्षा इथे महत्त्व वापरणाऱ्याला काय वाटतं याला. डेव्हिस यांच्या पाहणीत पहिल्या प्रश्नाचं वजन जास्त भरलं. पुढे २००३मध्ये संशोधक व्यंकटेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजूबाजूच्या लोकांचा प्रभाव आणि हाताशी असलेल्या सोयी यांचीही त्यात भर घातली.

आता पानामागे पैसे घेणाऱ्या माणसाच्या खुर्चीत बसून पाहा. नवी मांडणी शिकायची तर काही आठवडे वेग पडणार, म्हणजे कमाई पडणार. ती भरून कोण देणार? बरं, शिकून फायदा काय? छपाईची पानं लागत पेजमेकर या सॉफ्टवेअरमध्ये, आणि इनस्क्रिप्टने लिहिली जाणारी, कुठल्याही संगणकावर सारखीच वाचता येणारी युनिकोड देवनागरी त्याला कळतच नव्हती. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांची खिचडी व्हायची हे खरं. पण छापखान्यात तोच फॉन्ट असला की काम भागायचं. हट्ट कसला, साधा व्यवहार होता.

चित्र पालटलं ते मजकूर छापखान्याबाहेर जाऊ लागल्यावर. संकेतस्थळ, ई-मेल, मोबाइल, सगळीकडे युनिकोडच लागतो. मग सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी शहाणपणा केला: युनिकोडमध्येही टाइपरायटरची मांडणी दिली. वेलांटी आधी दाबली तरी आत साठवताना ती ‘क’नंतरच बसते. ही उलटापालट संगणक करतो. बोटांना काही नवं शिकावं लागत नाही.