दारातल्या गाडीचे ऑइल दुधाळ झाले तर?

लोणच्याच्या बरणीला ओला हात लागू नये म्हणून आपण किती जपतो! एक ओला चमचा, की वर्षाची बेगमी वाया. पण दारात उभ्या असलेल्या मोटारसायकलच्या ऑइलमध्ये पाणी शिरले तर? "ते ह्यांचे काम," असे म्हणून आपण मोकळ्या होतो. मीसुद्धा होत होते!

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचे पाणी आमच्या गल्लीत शिरले. मुलांना घेऊन आम्ही नणंदेकडे गेलो, गाडी अंगणातच राहिली. पूर ओसरल्यावर ह्यांनी ती धुतली, पुसली आणि लागलीच किका मारायला सुरुवात केली. गाडी सुरू झाली म्हणून आम्ही देव पावला म्हटले! चार दिवसांनी मात्र नुसती रेस वाढायची, गाडी काही ओढायची नाही. मेकॅनिकने खालचा बोल्ट काढला, तर आतून निघाले काय? दुधाच्या चहासारखे पाणी! क्लच प्लेटा गेल्या, बेअरिंग गंजले, आणि दिवाळीसाठी बाजूला काढलेले पैसे त्यातच संपले.

आता तुम्ही म्हणाल, ऑइल पांढरे का झाले? बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, क्लच आणि गिअर यांना एकच ऑइल असते, साधारण लिटरभर. पाणी जड, म्हणून ते तळाशी बसते. गाडी बंद आहे तोवर दोन्ही वेगळी राहतात. पण किक बसली, की गिअरची चाके रवीसारखी फिरतात आणि दोन्ही घुसळून एकजीव होतात. असे ऑइल दात्यांवर नीट टिकत नाही. झीज होते, गंज चढतो. म्हणजे नुकसान पुराने थोडे आणि आमच्या घाईने जास्त केले!

ऑइल बघणे मुळीच अवघड नाही. गाडी थंड असताना सपाट जागी डबल स्टँडवर लावा. इंजिनच्या बाजूला ऑइलचे झाकण असते, त्यालाच बहुधा खाली कांडी असते. काही गाड्यांना काचेची छोटी खिडकी असते. नवे ऑइल मधासारखे, वापरलेले काळे. काळे दिसले म्हणून घाबरू नका. दुधाळ किंवा कॉफीसारखे दिसले, किंवा न घालताच पातळी वाढली, तर पाणी आहे असे समजा. शंका असेल तर टाकाऊ तवा अंगणात तापवा, आच बंद करा आणि त्यावर ऑइलचा एकच थेंब लांबून टाका. तडतडला, तर पाणी आहेच! (हा तवा पुन्हा स्वयंपाकाला नको.)

मग पाणी आले कुठून, ते शोधा. त्यावरच खर्च ठरतो.

गाडी पुरात उभी होती का, किंवा धुताना जोराचा फवारा मारला होता का? मग पाणी हवेच्या नळीतून किंवा झाकणाच्या खराब वायसरमधून आले असेल.

गाडी रोज फक्त भाजीबाजार आणि शाळेपुरतीच फिरते का? एक लिटर पेट्रोल जळताना जवळजवळ लिटरभर पाणी तयार होते! बहुतेक वाफ सायलेन्सरमधून जाते, पण थोडी आत राहते आणि इंजिन पुरते तापलेच नाही तर तिथेच थिजते. झाकणाच्या आत पांढरी साय, पण कांडीवरचे ऑइल स्वच्छ, असे असेल तर इंजिन उघडायची घाई करू नका. आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास सलग चालवा आणि पुन्हा बघा.

गाडीला रेडिएटर आहे आणि त्यातले कूलंट कमी होत आहे का? मग आतले सील गेले असण्याचा संभव आहे. तिथे नुसते ऑइल बदलून भागणार नाही, दुरुस्तीच करावी लागेल.

पुरात बुडालेल्या गाडीला मात्र किक नाही, स्टार्टर नाही! ढकलत गॅरेजला न्या. आधी जुने ऑइल काढून टाकायला सांगा, फिल्टर असेल तर तोही बदला. एअर फिल्टर आणि प्लगही तपासायला हवेत. नवे ऑइल घालून गाडी थोडा वेळ चालवल्यावर ते पुन्हा दुधाळ झाले, तर पुन्हा बदलायचे, स्वच्छ दिसेपर्यंत. बिनगिअरच्या स्कूटरला मागच्या चाकापाशी वेगळे गिअर ऑइल असते, जेमतेम शंभर-सव्वाशे मिलिलीटर. ते बदलायची आठवण आपणच करून द्यावी. काढलेले ऑइल गटारात ओतू नका, गॅरेजमध्येच द्या.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. पाणी उतरल्यावर हे किल्ली घेऊन निघाले, तशी मी आडवी झाले, "आधी ऑइल!" गॅरेजमध्ये बोल्ट सैल केला, तर आधी नुसते गढूळ पाणी आले आणि मागून ऑइल. दोन वेळचे ऑइल आणि मजुरी, एवढ्यावरच निभावले. हे म्हणाले, "आता ह्या खात्याच्या मंत्री तुम्हीच!"

तेव्हा मैत्रिणींनो, पावसाळ्यात लोणच्याची बरणी बघाल तेव्हा गाडीचे झाकणही उघडून बघत जा. हात पुसायला एक जुने फडके मात्र जवळ ठेवा!