खराडीच्या नळाचं मूळ

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. नळाच्या मुळाबद्दल मात्र कुठं बंदी आढळत नाही, आणि मला गेली कित्येक वर्षं तोच नाद लागलाय. पुणेकर पाण्याबद्दल दोनच गोष्टी विचारतो: किती वाजता येतं आणि दाब किती असतो. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार नावं त्याला तोंडपाठ असतात. चारही भरली, मिळून 29 टीएमसी झालं, मुठेत पाणी सोडलं, की वर्षाची काळजी मिटली. खराडीकरही पावसाळ्यात हेच आकडे वाचतो आणि निर्धास्त होतो. पण त्याच्या भागाचं धरण पाचवं आहे. ते दुसऱ्याच खोऱ्यात आहे आणि त्याच्या मागं मोठं भांडण आहे.

खराडी 1997 साली महापालिकेच्या हद्दीत आली. त्या वेळी आत घेतलेल्या 38 गावांपैकी काही पुढं भांडून बाहेर पडली, 23 राहिली, त्यात खराडी. मग ईऑन आयटी पार्क आलं, वर्ल्ड ट्रेड सेंटर आलं, सातबाऱ्यांच्या जागी मिळकतपत्रिका आल्या. ही कहाणी इतक्या वेळा छापून झाली आहे की पुन्हा सांगण्यात अर्थ नाही. पाण्याचं तेवढं सांगतो.

आधी खराडीला पाणी यायचं ते लष्कर जलकेंद्रातून, म्हणजे शहराच्या पश्चिमेचं पाणी सगळं शहर ओलांडून पूर्वेला. कालव्यावरचे शेतकरी शेवटच्या शिवाराला 'टेल' म्हणतात आणि टेलला पाणी पोचत नाही, हे गृहीतच धरतात. खराडी, वडगाव शेरी, धानोरी, लोहगाव ही नळाची टेल होती. वरच्या पेठांनी दाब खाल्ला की इथं नळ फुसफुसायचा आणि सोसायटीच्या फाटकावर टँकर उभे राहायचे. आजही अनेक ठिकाणी राहतात. वॉचमन वहीत गाडीचा नंबर आणि वेळ टिपतो, जाड काळा पाइप जमिनीखालच्या टाकीत सोडला जातो आणि महिनाअखेरीला मेंटेनन्सच्या बिलात त्याचा हिशेब येतो.

या टँकरचा उगम कुठल्याही धरणात नाही, तो एका कागदात आहे. ओळखीच्या एका सोसायटीच्या फायलीत मी तो प्रथम वाचला. बांधकाम परवानगी घेताना विकसकानं दिलेलं हे हमीपत्र. महापालिका पुरेसं पाणी देऊ शकेपर्यंत रहिवाशांच्या पाण्याची सोय विकसक स्वखर्चानं करील, असा त्याचा मतलब. मुद्रांकावर, सहीशिक्क्यासह. सदनिका विकल्या गेल्या, सोसायटी स्थापन झाली, विकसक पुढच्या प्रकल्पाला लागला. 'स्वखर्चानं' हा शब्द फायलीत राहिला आणि खर्च सभासदांवर आला. पुण्याच्या पूर्वेला, आणि नंतर हद्दीत आलेल्या गावांत तर सर्रास, अशा हमीपत्रांच्या जोरावर मजल्यांवर मजले चढले. पाणी नाही हे परवानगी देणाऱ्याला, घेणाऱ्याला आणि लिहिणाऱ्याला, तिघांनाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त घर घेणाऱ्याला.

यावर उतारा म्हणून आली भामा आसखेड योजना. खेड तालुक्यात भामा नदीवर हे धरण आहे. तिथून पाणी उचलायचं, कुरुळीला शुद्ध करायचं आणि पुण्याच्या पूर्व भागात आणायचं. क्षमता रोज 200 दशलक्ष लिटर, वर्षाला 2.64 टीएमसी. माणशी रोज 135 लिटर या सरकारी मापानं, गळती धरली नाही तर, जवळपास 15 लाख माणसांचं पाणी. केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेतून मंजूर झालेली ही योजना वर्षानुवर्षं 'अंतिम टप्प्यात' होती, कारण खेडचे प्रकल्पग्रस्त वाहिनीच्या खड्ड्यात उतरून काम थांबवत होते.

खराडीत याला तेव्हा 'विकासात अडथळा' म्हटलं जायचं. फायली चाळल्यावर माझं मत साफ उलटं झालं. धरण बांधलं गेलं ते शेतीच्या नावानं. ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांना कायद्यानं लाभक्षेत्रात पर्यायी जमीन मिळायला हवी होती. ती बहुतेकांना मिळाली नाही, कालवे अर्धवट राहिले आणि पाणी मात्र शहरांच्या नावावर चढत गेलं. पुण्यापाठोपाठ पिंपरी-चिंचवडचंही 167 दशलक्ष लिटरचं आरक्षण याच धरणावर आहे. शेतीचं पाणी शहराला वळवलं की शहरानं सरकारला 'सिंचन पुनर्स्थापना खर्च' भरायचा असतो. तो किती आणि कुणी भरायचा यावरही महापालिका आणि जलसंपदा यांच्यात पत्रापत्री चालली. ज्याची जमीन गेली, तो या पत्रव्यवहारात कुठंच नाही. पोलीस बंदोबस्तात धरणातून पाणी उचलणाऱ्या जॅकवेलचं काम पुरं झालं आणि 1 जानेवारी 2021 रोजी अजित पवार आणि देवेंद्र फडणवीस यांच्या उपस्थितीत एकाच व्यासपीठावरून लोकार्पण झालं. दोघांच्या पहाटेच्या शपथविधीला तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं, त्यामुळं दुसऱ्या दिवशीच्या बातम्या पाण्यापेक्षा दोघांच्या चिमट्यांनीच भरल्या. श्रेयाचे फलक दोन्ही बाजूंनी लागले. खेडचं नाव एकाही फलकावर असेल असं वाटत नाही.

नकाशा पसरला की आणखी एक गोष्ट कळते. भामा ही भीमेची उपनदी. वाहू दिली तर थेट भीमेला मिळणारी. आपण तिचं पाणी नळातून खराडीला आणतो. ते स्वयंपाकघरातून, न्हाणीघरातून मुळा-मुठेत जातं आणि रांजणगाव सांडसला भीमेलाच मिळतं. म्हणजे खराडीकर भीमेचं पाणी पळवतो, असं नाही; उसनं घेतो आणि पुढच्या वळणावर परत करतो. वाद आहे तो कोणत्या अवस्थेत परत करतो, याचा. कारण त्यापुढं दौंड आहे आणि दौंडनंतर 117 टीएमसीचं उजनी.

परत करण्याआधी पुणं मुळात किती उचलतं, हा प्रश्न सगळ्यात नेटका मांडला तो बारामती तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं. हा माणूस पुण्याच्या पाण्याच्या इतिहासात महापौरांपेक्षा मोठा आहे, असं माझं ठाम मत आहे. त्यानं मोर्चा काढला नाही की बस फोडली नाही. 2005 च्या कायद्यानं स्थापन झालेल्या राज्य जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाकडे तक्रार केली: पुणे मंजुरीपेक्षा जास्त पाणी उचलतं, म्हणून कालव्याच्या टेलला माझं आवर्तन बुडतं. करारानं पुण्याला वर्षाला साडेअकरा टीएमसी होतं. उचल त्याच्या कितीतरी वर. महापालिकेचं उत्तर ठरलेलं होतं: लोकसंख्या वाढली. मग किती वाढली ते दाखवा, म्हटल्यावर पंचाईत. 2011 च्या जनगणनेत पुणे 31 लाखांचं. त्यानंतरची जनगणना 2021 ला झालीच नाही. खराडीचे निम्मेअधिक टॉवर तर 2011 नंतरचे, म्हणजे सरकारी मोजणीत तिथले रहिवासी अजून जन्मालाच आलेले नाहीत. प्राधिकरणानं 2018 साली हिशेब मांडला आणि पुण्याची गरज वर्षाला 8.19 टीएमसी, दिवसाला सुमारे 635 दशलक्ष लिटर ठरवली. प्रत्यक्षात शहर तेव्हा त्याच्या दुपटीहून अधिक उचलत होतं. निकालानंतर उचल काही कमी झाली नाही. पण वापर किती आणि गळती किती, हा प्रश्न त्या शेतकऱ्यामुळं कायमचा कागदावर आला.

गळती मोजायला मीटर हवेत. त्यासाठीच समान पाणीपुरवठा योजना आली. तिच्यासाठी महापालिकेनं जून 2017 मध्ये 7.59 टक्के व्याजानं 200 कोटींचे कर्जरोखे काढले आणि ते मुंबई शेअर बाजारात नोंदवले. तीन लाखांहून अधिक मीटर बसवायचे होते. रोखे चटकन खपले. मीटर बसवायला गेलेल्या माणसांना मात्र अनेक सोसायट्यांनी फाटकावरूनच परत पाठवलं. टँकरचं बिल निमूट भरणारा सभासद मीटरचं नाव काढलं की आंदोलनाची भाषा करतो.

परतफेडीचं यंत्रही खराडीतच आहे. नदीकाठी 40 दशलक्ष लिटरचं मैलापाणी शुद्धीकरण केंद्र आहे आणि जायका या जपानी संस्थेच्या कर्जातून शहरात होणाऱ्या 11 केंद्रांत आणखी 30 दशलक्ष लिटरचं एक खराडीच्या वाट्याला आहे. अकरा केंद्रांची मिळून क्षमता 396 दशलक्ष लिटर. नदीपलीकडं मुंढव्याच्या जॅकवेलमधून शहराचं प्रक्रिया केलेलं पाणी बेबी कालव्यात सोडलं जातं. वर्षाला साडेसहा टीएमसी देण्याचा करार आहे. त्या पाण्याला येणारा वास आणि बिघडणाऱ्या जमिनी यांबद्दल हवेली-दौंडचे शेतकरी तक्रारी करत आले आहेत. दरम्यान नदीकाठ सुशोभनाला 44 किलोमीटरसाठी 4,727 कोटी धरले गेले. काठावर फरशी आधी आणि प्रवाहात स्वच्छ पाणी नंतर, हा क्रम मला तरी उलटा वाटतो.

हे सगळं विचारायचं कुणाला? 14 मार्च 2022 ला नगरसेवकांची मुदत संपली आणि नंतर 15 जानेवारी 2026 च्या मतदानापर्यंत, पावणेचार वर्षांहून अधिक काळ, महापालिकेत प्रशासक होता. तेवढ्या काळात खराडीकडं मोठे निर्णय आले: खराडी-हडपसर-स्वारगेट-खडकवासला मेट्रोला केंद्रानं 26 नोव्हेंबर 2025 ला मंजुरी दिली. सभागृहात उभं राहून पाण्याचा प्रश्न विचारणारा मात्र एकही नव्हता. आता प्रभाग क्रमांक 4 मध्ये खराडीला वाघोली जोडली आहे. 2021 मध्ये हद्दीत आलेली वाघोली आज तिथंच उभी आहे जिथं खराडी वीस वर्षांपूर्वी होती: हमीपत्रं, टँकर आणि भामा आसखेडच्या त्याच पाण्यावर डोळा.

तेव्हा नव्या नगरसेवकांकडं आणखी एक टाकी मागण्याआधी दोन आकडे मागा: प्रभागात रोज किती पाणी येतं, आणि त्यातलं किती शुद्ध होऊन नदीत जातं. आणि त्याहीआधी स्वतःच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत विचारा, की आपला मैलाशुद्धीकरण प्रकल्प चालू आहे की नुसता कागदावर मंजूर आहे. तो बंद असेल, तर खेडच्या प्रकल्पग्रस्ताचं आणि दौंडच्या शेतकऱ्याचं देणं तुमच्या नावावर थकलेलं आहे.