कॉफीच्या साबणाला कॉफीचा वास का येत नाही?

परवा प्रदर्शनात एका काकूंनी माझी वडी नाकाशी धरली. "अगं, रंग कॉफीचा, पण वास कुठाय?" प्रश्न रास्त आहे.

साबण बनवताना लागणाऱ्या कॉस्टिक सोड्यापुढे कॉफीचा सुगंध टिकत नाही. सोडा कॉफीत विरघळताना द्रावण ८० अंशांपर्यंत सहज तापतं आणि जळकट, उग्र वास सुटतो. घाबरू नका, साबण मुरला की तो जातो.

मी कॉफीचा बर्फ करून घेते आणि त्यात सोडा थोडाथोडा सोडते. सोडा कॉफीत घालायचा, कॉफी सोड्यावर कधीच ओतायची नाही. भांडं स्टीलचं, ॲल्युमिनियम अजिबात नको. हातमोजे, चष्मा हवाच. कॉफी बिनसाखरेची घ्या. साखरेने द्रावण आणखी भडकतं.

सुगंधासाठी कॉफीचं इसेन्शियल ऑइल किंवा साबणासाठी मिळणारा सुगंध शेवटी घाला. व्हॅनिलाही छान जमतो, फक्त त्यातल्या व्हॅनिलिनमुळे वडी हळूहळू तपकिरी होते. इथे ते पथ्यावरच पडतं! पण वर दुधाच्या फेसासारखा पांढरा थर हवा असेल, तर त्या भागात व्हॅनिला नको.

रंग गडद हवा? साचा टॉवेलात गुंडाळून ठेवा, उबेने रंग चढतो.

चोथा मात्र जपून. अर्धा किलो तेलाला एक चमचा, तोही बारीक आणि वाळवलेला. मूठमूठ चोथा ओतलेले साबण अंग घासायला की कढई, देव जाणे.

चार ते सहा आठवडे मुरवा, मगच वापरा.

कुठलं तेल किती घ्यायचं, काही अडलं तर खाली विचारा.