अर्धा वेळ, पूर्ण दायित्व

वधू-वर परिचय पुस्तिकेत एखाद्या नावापुढे ‘एम.सीएच. न्यूरोसर्जरी’ अशी पदवी दिसली की घरातील वडीलधारी मंडळी चष्मा पुसून ते पान पुन्हा वाचतात. अभिमान वाटतो आणि पाठोपाठ चिंताही. मुलगी असेल तर विचारणा होते, “लग्नानंतर अर्धा दिवस काम केले तर नाही का चालणार?” मुलगा असेल तर विचारणा उलटी होते, “एवढा शिकला आहे, मग स्वतःचे हॉस्पिटल कधी काढणार?” एकीला काम कमी करण्याचा आग्रह, दुसऱ्याला वाढवण्याचा. दोन्ही प्रश्नांमागे माया असते. मात्र मेंदूच्या शस्त्रक्रियेचे काम मुळात अर्धे करता येते का, आणि केले तर त्याची किंमत कोण मोजतो, हा विचार बैठकीत क्वचितच होतो.

अर्धे म्हणजे नेमके किती?

एम.बी.बी.एस. आणि इंटर्नशिप मिळून साडेपाच वर्षे, त्यानंतर एम.एस.ची तीन, त्यानंतर एम.सीएच.ची आणखी तीन. प्रवेश परीक्षांत एकही वर्ष वाया गेले नाही तरी साडेअकरा वर्षे होतात. ज्या वयात व्यापारी घरातील मुलगा गादीवर दहा वर्षांचा अनुभव घेऊन बसलेला असतो, त्या वयात न्यूरोसर्जनची स्वतंत्र वाटचाल नुकती सुरू होते.

या वाटचालीतले तास सर्वसाधारण नोकरीच्या मापाने मोजता येत नाहीत. अमेरिकेत प्रशिक्षणार्थी डॉक्टरांच्या कामावर २००३ साली देशव्यापी मर्यादा घालण्यात आली. ती मर्यादा आठवड्याला सरासरी ८० तासांची आहे. युरोपीय संघाच्या नियमानुसार हीच सरासरी ४८ तासांची. म्हणजे अमेरिकी मापाने ‘अर्धा वेळ’ काम करणारा शल्यचिकित्सक आठवड्याला ४० तास राबतो, आणि जगातील बहुतेक कार्यालये त्यालाच पूर्ण वेळ म्हणतात.

उत्पन्नाचा हिशेबही सरळ नाही. अर्धा दिवस दुकान उघडले म्हणून भाडे अर्धे होत नाही, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. सल्ला-कक्षाचे भाडे, व्यावसायिक विम्याचा हप्ता, मदतनिसांचे पगार, यंत्रसामग्रीच्या कर्जाचे हप्ते हे सारे पूर्णच राहते. म्हणून स्वतंत्र व्यवसायात निम्मे काम करणाऱ्याच्या हाती निम्म्यापेक्षा कमीच उरते. हा निर्णय घेणाऱ्याने तो डोळे उघडे ठेवून घ्यावा लागतो.

रात्रीचे दार

खरी अडचण पैशाची नाही. दुचाकीवरून पडलेला एखादा तरुण रुग्णालयात येतो. शुद्धीवर असतो, नाव सांगतो, घरी फोन लावायला सांगतो. नातेवाइकांना हायसे वाटते. पण कवटी आणि मेंदूवरील जाड आवरण यांच्यामध्ये फुटलेल्या रक्तवाहिनीतून रक्त साठत असते. काही तासांत तो पेंगू लागतो, उलट्या होतात, एका डोळ्याची बाहुली मोठी होते. वेळेवर कवटी उघडून ती गाठ काढली तर हाच तरुण पुन्हा आपल्या पायांनी घरी जाऊ शकतो. उशीर झाला तर त्याच शस्त्रक्रियेने जीवही वाचत नाही, किंवा वाचला तरी माणूस पूर्वीसारखा उरत नाही. असा अपघात वार पाहून होत नाही.

ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेतही टाके घातले म्हणजे काम संपले असे नसते. पहिल्या रात्री आत रक्तस्राव होऊ शकतो, मेंदूला सूज येऊ शकते. तासातासाला कोणीतरी डोळ्यांच्या बाहुल्या पाहायच्या असतात, हाताची पकड तपासायची असते, आणि बिघाड दिसताच पुन्हा शस्त्रक्रियागृह उघडण्याचा निर्णय घ्यायचा असतो. शिवाय हाताचा सराव हा स्वतंत्र विषय आहे. मेंदूतील फुगलेल्या रक्तवाहिनीवर क्लिप बसवण्यासारखी कामे वर्षातून चार-दोन वेळा करून हात तयार राहत नाही.

मग अर्धवेळ न्यूरोसर्जन ही कल्पनाच अशक्य आहे का? तसे नाही. तिच्या अटी मात्र कठोर आहेत, आणि त्या अटी व्यापारी कुटुंबांना इतरांपेक्षा लवकर कळाव्यात.

भागीदारीचा नियम

१९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्यात एक तत्त्व आहे. पेढीच्या देण्यांसाठी प्रत्येक भागीदार इतरांसह संयुक्तपणे आणि व्यक्तिशःही जबाबदार असतो. एखादा भागीदार रोज दोनच तास पेढीवर येतो म्हणून सावकाराचे देणे त्याच्यापुरते दोन तासांचे होत नाही. नफ्याची वाटणी ठरवता येते; सावकारापुढील दायित्वाची तशी वाटणी होत नाही. न्यूरोसर्जरीतही वेळ वाटून घेता येतो, दायित्व अर्धे करता येत नाही. म्हणून हे काम अर्धवेळ करायचे असेल तर ते एकट्याने होत नाही, त्याला भागीदार लागतात. एकाच विभागात चार-पाच शल्यचिकित्सक असतील, रात्रीच्या पाळ्या ठरलेल्या असतील आणि एकाचा रुग्ण दुसरा आपलाच मानत असेल, तर त्यातील एखादी व्यक्ती आठवड्याचे तीन दिवस काम करू शकते. ब्रिटनमध्ये प्रशिक्षणाच्या काळातही कमी वेळेची मागणी करण्याची अधिकृत सोय आहे. अपत्यसंगोपन, आजारी आई-वडिलांची शुश्रूषा, स्वतःचे आजारपण अशा कारणांसाठी ती मिळते. प्रशिक्षणाची मुदत मात्र त्या प्रमाणात लांबते.

भागीदारीला चोख वही लागते. ग्लासगो येथील ग्रॅहॅम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या दोघांनी १९७४ साली शुद्ध मोजण्याची एक पद्धत मांडली. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल या तीन गोष्टींना गुण देऊन त्यांची बेरीज करायची. पूर्ण शुद्धीवरील माणसाचे १५, सर्वांत गंभीर अवस्थेतील माणसाचे ३. “जरा गुंगीत वाटतो” या वाक्याचा अर्थ प्रत्येक डॉक्टर वेगळा लावील. “सकाळी १४ होते, आता ११ आहेत” हे वाक्य जगातील कोणत्याही न्यूरोसर्जनला अंथरुणातून उठवते. घरी जाणाऱ्या डॉक्टरच्या हातून येणाऱ्या डॉक्टरच्या हाती रुग्ण सोपवताना असा नेमका हिशेब असला, तरच वेळ वाटून घेणे सुरक्षित होते.

दुसरी अट व्याप कमी करण्याची. कमी वेळ काम करणाऱ्याने सर्व प्रकारच्या शस्त्रक्रिया थोड्या थोड्या करू नयेत. मणक्यातील चकतीच्या किंवा नाकावाटे दुर्बिणीने काढल्या जाणाऱ्या पीयूष ग्रंथीच्या गाठींच्या अशा एखाद्या प्रकारच्या शस्त्रक्रिया निवडून त्यांतला सराव पूर्ण ठेवावा, आणि बाकीचे रुग्ण निःसंकोचपणे सहकाऱ्याकडे पाठवावेत. मोजकाच माल ठेवून त्याची पारख पक्की ठेवणारी दुकाने पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, तसेच हे आहे.

ज्यांनी वेळ दिला

आपल्याकडे अर्धवेळ शल्यचिकित्सा नवी नाही. मुंबईच्या सरकारी आणि महापालिका रुग्णालयांत दीर्घ काळ ‘मानद’ डॉक्टरांची परंपरा होती. दिवसाचा ठराविक वेळ गोरगरिबांच्या वॉर्डात आणि विद्यार्थ्यांना शिकवण्यात द्यायचा, उरलेल्या वेळात आपला खासगी व्यवसाय करायचा, अशी ती रीत होती. आपल्या परंपरेत आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. या मानद डॉक्टरांच्या त्या ठरलेल्या तासांत औषधदानही होते आणि ज्ञानदानही.

स्त्रियांसाठी ही वाट कितीतरी बिकट होती. डॉ. टी. एस. कनका यांनी १९६८ साली मद्रासमध्ये न्यूरोसर्जरीची पदवी मिळवली. भारतातील पहिल्या महिला न्यूरोसर्जन म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्या काळात या शाखेत स्त्रीने उभे राहणे हेच नवल होते. सोयीच्या वेळा मागण्याचा प्रश्नच नव्हता. निवृत्तीनंतर त्यांनी आई-वडिलांच्या नावाने संस्था काढून गरजू रुग्णांची सेवा चालू ठेवली. २०१८ साली त्यांचे निधन झाले.

वयाच्या उतारावरचा अर्धवेळ हा आणखी एक प्रकार. ब्रिटिश न्यूरोसर्जन हेन्री मार्श यांनी २०१५ मध्ये लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयातील पूर्ण वेळ काम थांबवले. त्यानंतर ते नेपाळ आणि युक्रेनमध्ये जाऊन तेथील डॉक्टरांबरोबर काम करीत राहिले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डू नो हार्म’ या पुस्तकात त्यांनी यशाबरोबरच स्वतःच्या हातून झालेल्या चुकाही मोकळेपणाने मांडल्या. पुस्तकाचे नाव जैन वाचकाला ओळखीचे वाटेल. ‘अपाय करू नकोस’ हाच त्याचा आशय आहे. हात आणि नजर पूर्वीसारखी राहिली नाही हे ओळखून चाकू खाली ठेवणे आणि अनुभव पुढच्या पिढीच्या हाती देणे, यालाही धैर्य लागते.

प्रमाद कोठे आहे?

याच्या अगदी उलट असा एक अर्धवेळ आहे, आणि तो रुग्णाला दिसत नाही. मोठ्या शहरातील शल्यचिकित्सक शनिवारी लहान गावी येतो, दिवसभरात तीन-चार शस्त्रक्रिया करतो आणि रात्री परत निघतो. गावाला घरबसल्या तज्ज्ञ मिळतो, प्रवास आणि खर्च वाचतो, हा लाभ खरा आहे. पण रविवारी पहाटे रुग्णाची शुद्ध हरपली तर कवटी पुन्हा उघडणारा हात तेथे कोणाचा? भागीदार नसलेली ही पेढी आहे.

म्हणून शस्त्रक्रियेच्या कागदावर सही करण्यापूर्वी कुटुंबाने तीन गोष्टी नम्रपणे, पण स्पष्ट विचाराव्यात. आज रात्री रुग्णाला कोण पाहणार? तातडीने पुन्हा शस्त्रक्रिया लागली तर ती येथे कोण करणार? आणि ते शक्य नसेल तर रुग्णाला कोठे, किती वेळात नेणार? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. समाजाच्या देणग्यांतून उभ्या राहिलेल्या रुग्णालयांच्या विश्वस्तांनी तर हे प्रश्न शस्त्रक्रियागृहाचे उद्घाटन होण्यापूर्वीच विचारायला हवेत. देणगीदाराच्या नावाची पाटी आणि परदेशी सूक्ष्मदर्शक महत्त्वाचे असतात. पहिल्या रात्री जागणारा दुसरा न्यूरोसर्जन त्याहून महत्त्वाचा असतो.

जैन विचारात हिंसेचे मूळ प्रमादात, म्हणजे बेसावधपणात पाहिले आहे. शल्यचिकित्सक शस्त्र चालवतो, रक्त सांडते, तरी सावध हाताने आणि करुणेने केलेल्या त्या कर्माला कोणी हिंसा म्हणत नाही. रुग्णाला रात्री वाऱ्यावर सोडून जाणे हा प्रमाद आहे. त्याच न्यायाने तीस तास डोळ्याला डोळा न लागलेल्या डॉक्टरने सुरी हातात घेणे हाही प्रमादच. म्हणजे कमी वेळ काम करणारा हलगर्जी आणि अष्टौप्रहर राबणारा कर्तव्यदक्ष, हे समीकरण खरे नाही. सावध राहण्यासाठी ज्याला विश्रांती लागते आणि जो ती योग्य व्यवस्था लावून घेतो, तो रुग्णाचे हितच करतो.

अणुव्रताचा धडा

साधूंसाठी महाव्रते आणि श्रावकांसाठी अणुव्रते, ही आपली रचना किती व्यवहारी आहे हे येथे उमजते. अणुव्रताचे क्षेत्र लहान असते. त्या क्षेत्रात पाळणूक मात्र पूर्ण असावी लागते. सामायिक अठ्ठेचाळीस मिनिटांचे असते. त्यानंतर श्रावक पुन्हा संसारात आणि दुकानात परततो. म्हणून त्या अठ्ठेचाळीस मिनिटांतले त्याचे समत्व अर्धवट चालत नाही. अर्धवेळ न्यूरोसर्जनचे कामही असेच असू शकते: मर्यादा आधी ठरलेली, ती सर्वांना सांगितलेली, आणि तिच्या आत पूर्ण.

ही मर्यादा आखण्याचे काम मुलीवर किंवा सुनेवर एकटीवर टाकता येत नाही. साडेअकरा वर्षे शिकलेली सून मूल लहान असताना तीन दिवसांचे काम मागत असेल तर तिला चांगल्या विभागाची आणि विश्वासू सहकाऱ्यांची साथ लागेल. तसेच ज्या तीन दिवशी ती कामावर असेल त्या दिवशी घरातून “आज लवकर ये” असा फोन जाणार नाही, याची हमीही लागेल. मुलाच्या बाबतीत तिजोरीची चावी वडिलांच्या हाती असते. कर्ज काढून दिलेले हॉस्पिटल पुढे हप्त्यांसाठी रात्रंदिवस चालवावे लागते, आणि त्याचा थकवा शेवटी रुग्णाच्या वाट्याला येतो. परिग्रह-परिमाण घरातील सोन्यापुरते आणि जमिनीपुरते समजणाऱ्यांनी ते मुलाच्या कामाच्या तासांनाही लावून पाहावे.

पुढच्या वेळी परिचय पुस्तिकेतील ते पान उघडले जाईल तेव्हा “अर्धा दिवस चालेल का?” या प्रश्नाऐवजी दुसरा एक प्रश्न विचारता येईल: “तुम्ही घरी असाल तेव्हा तुमचे रुग्ण कोण पाहते?” ज्याच्यापाशी किंवा जिच्यापाशी या प्रश्नाचे शांत, तयार उत्तर आहे, त्या हातांत रुग्णही सुरक्षित आहे आणि घरही.