बकासुराचा मुक्काम

आमच्या बैठकीच्या खोलीतल्या काचेच्या टाकीत तीन वर्षांपूर्वीपर्यंत अकरा गप्पी मासे सुखाने नांदत होते. गणपतीनंतरच्या एका सकाळी मोजले तर आठ भरले. दुसऱ्या दिवशी पाच. आठवडा संपला तेव्हा टाकीत एकच मासा उरला होता, आणि तो गप्पी नव्हता.

झाले ते असे. दरवर्षीप्रमाणे आम्ही गणपतीला माणगावजवळच्या आमच्या गावी गेलो होतो. विसर्जनाच्या आदल्या दिवशी पुतण्याने आणि आमच्या चिरंजीवांनी भाताच्या खाचराशेजारच्या पाटात पंचा लावला आणि बोटभर लांबीचे एक काळपट पिलू धरले. ‘मरळ आहे ती, सोडून द्या,’ असे माझ्या थोरल्या भावाने सांगितले. परंतु थोरल्या भावाचे ऐकायचे नाही, ही आमच्या घराण्याची जुनी रीत. प्लॅस्टिकच्या बरणीच्या झाकणाला भोके पाडून, अर्धी बरणी पाण्याने भरून, ताम्हिणी घाटातून ते पिलू पुण्यास आले. दिसायला इतके गरीब, की मी स्वतःच्या हाताने ते गप्प्यांच्या टाकीत सोडले. गप्पी संपल्यावर आमच्या आईने त्याचे बारसे केले: बकासुर!

मरळ कोकणात आणि विदर्भात सर्वांच्या ओळखीची आहे. पुणेकराला मात्र ती बाजारात घमेल्यात वळवळताना दिसली तर दिसते. इतर मासे बर्फावर मेलेले असतात आणि ही बया जिवंत असते, याचे कारण ती हवा घेऊन जगते. शास्त्रज्ञ तिला आज चन्ना स्ट्रायाटा म्हणतात. ब्लॉख या जर्मन पंडिताने १७९३ साली तिची नोंद केली तेव्हा त्या कुळाला त्याने ग्रीक शब्दांवरून ‘सर्पमस्तक’ अशा अर्थाचे नाव दिले होते. डोके चपटे, वर मोठाले खवले. नाव अगदी चपखल बसते. आपल्या राज्याने २०२३ साली पापलेटला राज्यमासा ठरवले. शेजारच्या तेलंगणाने तो मान मरळीला दिला आहे. हैदराबादेस मृगाच्या सुमारास दमेकऱ्यांना जिवंत माशाच्या तोंडातून औषध देतात, तो मासाही मरळीचेच पिलू.

हे सगळे मला नंतर कळले. आधी कळले ते हे, की ती उडी मारते. दिवाळीच्या आधी एका पहाटे सोफ्याखाली धुळीने माखलेले काहीतरी हलताना दिसले. मी पाल समजून केरसुणी आणली. तो बकासुर होता. रात्रभर फरशीवर राहूनही स्वारी जिवंत! पाण्यात सोडताच त्याने एक घोट हवा घेतली आणि जणू काही घडलेच नाही, असा तळाशी जाऊन बसला.

मी धडा घेतला, पण चुकीचा घेतला. टाकीवर बेतून कापलेली काच बसवली. मग रविवारी पाणी बदलताना, दुकानात दिसते तशी शोभा यावी म्हणून टाकी काठोकाठ भरली आणि काच घट्ट लावली. थोड्याच वेळात बकासुर काचेला नाक घासू लागला. मला ती त्याची खोडी वाटली. सुदैवाने आमच्या कॉलेजातले प्राणिशास्त्राचे प्राध्यापक त्याच वेळी चहाला आले. टाकीकडे पाहताच ते ओरडले, ‘अहो, मासा बुडवताय की तुम्ही!’

मासा पाण्यात बुडून मरतो, हे ऐकून मला हसू आले. पण त्यांना आले नाही. मरळीच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, दोन पोकळ्या असतात. त्यांतील त्वचेतून ती हवेतला प्राणवायू घेते. नुसत्या कल्ल्यांवर तिचे भागत नाही. वर येऊन हवा घेता आली नाही तर ती गुदमरून मरते. आम्ही तांब्या तांब्याने तीन बोटे पाणी काढले. तेव्हापासून पाणी आणि झाकण यांच्यात तेवढी जागा सुटलेली असते आणि काचेचे कोपरे कापलेले आहेत. झाकण उचलले जाऊ नये म्हणून वर वजन हवे होते. घरात सर्वांत वजनदार वस्तू मोल्सवर्थचा कोश. तो त्या दिवशी टाकीवर गेला.

दुसरा प्रश्न जेवणाचा. दुकानात अशा माशांना घालण्यासाठी स्वस्त जिवंत मासे मिळतात. चिरंजीव पिशवीभर घेऊन आले तेव्हा आई दारातच उभी राहिली. ‘मी बोंबील खाते, नाही म्हणत नाही. पण माझ्या डोळ्यांदेखत जित्या माशाच्या तोंडात जिता मासा घालायचा नाही. या घरात देव आहेत.’ तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने या युक्तिवादात भोके पुष्कळ होती. परंतु प्राध्यापकमहाशयही आईच्याच बाजूने पडले. म्हणाले, ते खुराकाचे मासे दाटीवाटीने वाढवलेले असतात, त्यांच्याबरोबर रोगही घरात येतो. मग कुंड्यांतली गांडुळे झाली. त्यानंतर सोललेल्या कोलंबीचा तुकडा बांबूच्या काडीला टोचून पाण्यात हलवायचा, म्हणजे तो जिवंत आहे असे बकासुरास वाटावे. त्याला नऊ दिवस तसे वाटले नाही. हिंस्र माशाला उपास सोसतो. आपल्याला त्याचा उपास सोसत नाही. आमची सौ. रोज विचारी, ‘खाल्ले का?’ दहाव्या दिवशी काडीसकट ओढले.

आम्ही मराठीचे लोक सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’कडे जातो ते त्यातल्या बाराव्या शतकातल्या मराठी ओळींसाठी. त्याच ग्रंथात राजाच्या मत्स्यविनोदाचे प्रकरण आहे आणि कोणत्या माशाला काय खाऊ घालावे ते त्यात सांगितले आहे. वीस वर्षे हा ग्रंथ वर्गात सांगतो आहे. ते प्रकरण मी प्रथम वाचले बकासुराच्या त्या नऊ दिवसांत!

मांस खाणाऱ्या माशाचे पाणी लवकर बिघडते, हेही लिहून ठेवतो, कारण नवखा माणूस फसतो ते इथेच. उरलेला तुकडा तासाभरात काढावा लागतो. दर आठवड्यास एक तृतीयांश पाणी बदलायचे. नळाचे पाणी रात्रभर बादलीत ठेवायचे, म्हणजे क्लोरीन उडते. गाळणीचा स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळायचा. कारण माशाच्या विष्ठेतून होणारा अमोनिया पचवणारे जंतू त्यातच राहतात.

एवढे सगळे कशासाठी? मी त्याला शिकार करताना पाहिले आहे म्हणून. पावसाळ्यात एकदा नाकतोडा टाकीत पडला. बकासुर कोपऱ्यात लाकडासारखा पडून होता. तो पोहत आला असे म्हणता येणार नाही. शेपटी हलत नव्हती, फक्त छातीचे पर वाऱ्यावरच्या पानासारखे थरथरत होते आणि अंतर कमी होत होते. मग डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच पाणी फुटल्यासारखा आवाज झाला आणि नाकतोडा नव्हता. चिरंजीव माझा हात धरून उभे होते. गप्पी कधी अशी गोष्ट सांगत नाहीत.

दुसरे गणपती आले तेव्हा तो फूटभराहून लांब झाला होता आणि दोन फुटी टाकीत त्याला वळता येईना. मरळ दोन फुटांपर्यंत सहज वाढते, कधी मीटरभरही होते. (शिवड्याचे पिलू आणले नाही हे नशीब, तो त्याहूनही मोठा होतो.) भावाने फोनवर ‘कढई तापवा’ म्हणून सांगितले, त्यावर चिरंजीव दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. शेजाऱ्यांनी पाषाणच्या तलावाचे नाव काढले, आणि खरे सांगतो, मला ते पटले होते. बादली हातात घेतली होती.

प्राध्यापकांनी त्या वेळी मेरीलँडची हकीगत सांगितली. अमेरिकेतल्या त्या राज्यात क्रॉफ्टन गावी एका गृहस्थाने आजारी बहिणीला सूप करून देण्यासाठी न्यूयॉर्कच्या बाजारातून मरळीच्या चिनी जातीचे दोन जिवंत मासे आणवले. मासे येईतो बहीण बरी झाली. त्याने ते घरच्या टाकीत ठेवले आणि ते आवरेनासे झाल्यावर तळ्यात सोडून दिले. २००२ साली त्या तळ्यात शेकडो पिले सापडली. विष घालून तळे साफ करावे लागले. ‘आपला मासा इथलाच आहे,’ मी म्हणालो. ‘मासा इथला आहे, पण दुकानातल्या गप्प्यांबरोबर आलेले रोग कुठले आहेत? तो आता तलावातही सोडायचा नाही आणि तुमच्या गावच्या पाटातही नाही.’

मी बादली खाली ठेवली. पाच फूट लांब, दोन फूट रुंद टाकी करवून घेतली. दीड फूट भरली तरी सव्वाचारशे लिटर पाणी होते. आम्ही तळमजल्यावर राहतो म्हणून निभावले. माझी पुस्तकांची दोन कपाटे आतल्या खोलीत गेली.

यंदा आषाढात लावणीसाठी गावी गेलो होतो. तळ्याच्या कडेला गवतातून लालभडक पिलांचा एक थवा श्वास घ्यायला वर आला आणि खाली गेला. त्याच्याखाली दोन काळ्या सावल्या फिरत होत्या. मरळ आपली पिले अशी राखते. मोठे मासे धरले गेले तर दुसरे मासे हा थवा फस्त करतात, असे भावाने सांगितले. चिरंजीवांनी विचारले, ‘बाबा, आपला बकासुर यांच्यातलाच का हो?’ मला उत्तर सुचले नाही. भाऊ काही बोलला नाही. तीन वर्षांपूर्वी जे बोलायचे ते तो बोललेला होता.

परत आलो तर आई टाकीपाशी बसून कोलंबी सोलत होती. आम्ही नसताना काडी तिनेच धरली होती. ‘हा मला ओळखतो,’ म्हणाली. त्या रात्री जोराचा पाऊस लागला आणि बकासुराने झाकणाला दोनदा धडक दिली. मोल्सवर्थ अजून टाकीवरच आहे. एखादा शब्द अडला की झाकण एका हाताने दाबून धरतो आणि दुसऱ्या हाताने पाने उलटतो.